बिननंबरी शिपायाचं मत

१

तीन मार्च एकोणीसशे शेहेचाळीसला धामणवडीच्या पाणी सोसायटीची मतमोजणी झाली, आणि परमुलखात असलेल्या एकोणीस शिपायांनी ‘आमच्या कोरड्या रानाला पाणी नको’ असं टपालानं कळवल्याचं जाहीर झालं. गावानं ते ऐकून घेतलं, माना डोलावल्या, पानसुपारी खाल्ली आणि घर गाठलं. धामणवडीच्या अकलेबद्दल मला आधीही फारसा आदर नव्हता. जो काही होता तो त्या दिवशी संपला.

संशय आला तो एकट्या राहीबाईला. ती सात कोस चालत कऱ्हाडला आली आणि कचेरीबाहेरच्या लिंबाखाली माझ्यासमोर बसली. मी चांदसाहेब, राहणार मलकापूर. बावीस वर्षं पलटणीच्या दफ्तरात हेडक्लार्क होतो, आता लोकांचे अर्ज लिहितो. माझ्याइतके खोटे कागद या जिल्ह्यात कुणी वाचले नसतील.

“चांदभाई, माज्या ज्ञानूनं सोताच्याच रानाला पानी नगं म्हनलं, आसं ही लोकं सांगत्यात,” ती म्हणाली. “आता ही चिट्टी वाचा आन तुमीच सांगा.”

मी पाकीट उलटून पाहिलं. मागं पाठवणाऱ्याचा पलटणीतला नंबर आणि ‘सिपाही अर्जुना’ एवढंच होतं.

“हा अर्जुना कोण?”

“त्योच की. ज्ञानू. पलटणीत त्येच नाव हाय त्याचं.”

पलटणीत एका नावानं आणि घरी दुसऱ्या नावानं वावरणारी माणसं मी पोत्यानं पाहिली होती. मी पुढं वाचू लागलो. पत्र जावा बेटावरून आलं होतं. ‘आई, लढाई संपली. साहेब इचारत्यात, घरी जातोस का आनखी सात वरसांची सही करतोस. एप्रिल सरायच्या आत सांगायचं हाय. वाडीला पानी येनार आसंल तर नाव काढून घेतो आन घरी येतो. न्हाईतर दोघं मिळून कोरड्या मातीत काय करू? निकाल लगोलग कळव.’

“असा मानूस नगं म्हनंल?” राहीबाई म्हणाली. “मला पोरगं पायजे चांदभाई. पानी त्याच्यासाठनं पायजे.”

मी दौत बंद केली, छत्री घेतली आणि तिच्यासोबत निघालो. अर्ज लिहून काही होत नाही हे मी अर्ज लिहूनच शिकलो होतो.

२

धामणवडीची भानगड सोपी होती. ओढ्याच्या बंधाऱ्याचं पाणी फक्त खालच्या अंगाच्या उसाला मिळायचं. वरच्या वाडीची रानं कोरडी. बंधारा दोन हात उंच करून पाट वरून फिरवायचा, असा ठराव आला. घरी असलेल्या सभासदांत ठरावाच्या बाजूनं चौदा, विरुद्ध सतरा. उरलेले एकोणीस वाडीचे पलटणीतले गडी. म्हणजे निकाल त्यांच्या हातात. त्यांनी टपालानं मत द्यायचं ठरलं आणि छापील चिठ्ठ्या डिसेंबरात रवाना झाल्या. चिठ्ठीवर चार रकाने: नाव, होय किंवा नाही, शिपायाचा अंगठा, आणि साहेबाची सही-शिक्का.

हे सगळं ज्यानं पाठवलं तो जोतिबा मास्तर. गावची शाळा, टपाल आणि सोसायटीचं दफ्तर तिन्ही त्याच्या एकाच खोलीत होतं. सरकारला तीन पगार द्यायचे नसले की असा एक मास्तर सापडतो. त्याच्या हातातून चिठ्ठ्या गेल्या आणि त्याच्याच हातात परत आल्या. संशय घ्यायला याहून सोयीचा माणूस नव्हता.

“मी फकस्त पाकीट घेतलं,” मास्तर घाम पुसत म्हणाला. “एकच मोठं पाकीट आलं, पुण्याहून. आत एकोणीस चिठ्ठ्या. वर कागूद, की पलटणीच्या डेपोनं सगळ्या गोळा करून पाठवल्यात.”

“कुणाकुणाच्या पलटणी कुठं आहेत?”

“कोन मलायात, कोन इजिप्तात, ज्ञानू एकलाच जावात.”

मला हसू आवरेना. कुठल्याही शिपायाचं साधं पत्र आधी जुन्या छावणीत जातं. तोवर पलटण हललेली असते. मग ते दुसऱ्या छावणीत, मग इस्पितळात, मग पुन्हा पहिल्या. ते हातात पडलं तर साहेबाला सही करायला सवड नसते, आणि सवड मिळाली तर मुदत टळलेली असते. बावीस वर्षांत एका तारखेला एकोणीस माणसांचे बूट मिळालेले मी पाहिले नाहीत. इथं तीन देशांतली एकोणीस मतं एकाच दिवशी, एकाच पाकिटात, एकाच शिक्क्यानिशी हजर!

“त्या आठवड्यात पुण्याला कोण गेलं होतं, मास्तर?”

मास्तरनं मान खाली घातली. “मी गेलतो, शाळेच्या कामाला. आप्पासो गेलते गूळ घिऊन. आन सुभेदार गेलते, सोल्जर बोर्डाच्या मीटिंगला.”

चिठ्ठ्या खोट्या होत्या. आणि करणारा तिघांतला एक होता.

३

आप्पासो सोसायटीचे चेअरमन. खालच्या अंगाला चाळीस एकर ऊस. लढाईच्या फंडाला मदत केल्याबद्दल मिळालेली चार सर्टिफिकिटं त्यांनी काचेत घालून अशी टांगली होती की आल्यागेल्याला ती वाचल्याशिवाय चहा मिळू नये.

“आवं, टपालानं मत द्यायची सवलत मीच काढली,” ते म्हणाले. “हे जवान देशाची शान हायत.”

“किती जवानांची नावं सांगता येतील?”

“सगळ्यांची! त्यो... गुंडाचा थोरला. आन त्यो उंच पोरगा. आन...” आप्पासोंनी छताकडं पाहिलं. “नावात काय हाय? शिपाई म्हंजी शिपाई.”

“त्यांचे पत्ते, नंबर?”

“त्ये मास्तर बगतो. आमी काय वाडीला जातो व्हय?”

तीस वर्षं त्यांच्या उसात वाडीची माणसं खुरपत होती आणि आप्पासोंना त्यांतला एक धड ओळखता येत नव्हता. एवढं अज्ञान सांभाळायलाही पैसा लागतो.

निघताना मी विचारलं, “निकालानं तुम्हाला आनंद झाला असेल.”

“झाला की. चोरून कशाला सांगू?” ते म्हणाले. “पर वाईट वाटलं त्ये सुभेदारांचं. बिचारे वाडीच्या बाजूनं लय भांडले.”

४

सुभेदार लालासाहेब पेन्शनीत आले होते, पण मिशांना पेन्शन मिळाली नव्हती. लढाईच्या काळात भरतीचं काम त्यांनी केलं. वाडीच्या बायका त्यांना देव मानत. भर सभेत ‘माझ्या पोरांच्या रानाला पाणी द्या’ असं गरजून त्यांनी टाळ्या घेतल्या होत्या.

“माझीच पोरं उलटली, चांदसाब,” ते डोळे टिपत म्हणाले. “पलटणीत डोकं बिघडतं पोरांचं. तरीबी मी निकाल कळवला सगळ्यांना. विमानाच्या टपालानं. लिवलं, की गड्यांनो, पाणी गेलं, आता सही करून पलटणीतच ऱ्हावा.”

“सगळ्यांचे पत्ते आहेत तुमच्याकडे?”

सुभेदारांची छाती फुगली. त्यांनी लाल कापडी बांधणीची वही आणली आणि धामणवडीचं पान उघडलं. नंबर, नाव, उंची, छाती. मोत्यासारखं अक्षर.

“एकूणीस. मोजून घ्या. एकेकाचा नंबर तोंडपाठ हाय. मी शिपायाचं नाव घेतो तवा आधी नंबर येतो तोंडात, मागनं नाव. सवयच हाय.”

मी पान वाचलं. एकोणीस नावं खरंच होती. मी वही परत दिली आणि छत्री घेऊन उठलो. त्यांच्या फराळाला मी हात लावला नाही. पान वाचल्यावर मला त्या घरचं काही घशाखाली जाणार नव्हतं.

५

मास्तरच्या खोलीत परत येऊन मी एकोणीस चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. आता मला काय शोधायचं ते ठाऊक होतं. अठरा चिठ्ठ्यांवर नावाच्या आधी पलटणीतला नंबर लिहिला होता. चिठ्ठीत नंबराचा रकाना नव्हता, कुणी नंबर मागितलाही नव्हता. एकोणिसाव्या चिठ्ठीवर नुसतं होतं: ‘सिपाही ज्ञानू’.

मी त्या घेऊन राहीबाईसोबत वाडीत घरोघर फिरलो. शालूबाईनं नवऱ्याचं पाकीट काढलं, बनुबाईनं लेकाचं. वाडीत वाचता कुणाला येत नव्हतं, पण एकाही घरानं पाकीट टाकलं नव्हतं. कुणी ती टोपलीत ठेवली होती, कुणी देवाच्या फोटोमागं. पाकिटावरचा नंबर आणि चिठ्ठीवरचा नंबर मी ताडून पाहिला. अठराही नंबर अचूक होते.

“आता तुमच्या ज्ञानूला पत्रं कोण लिहितं?” मी राहीबाईला विचारलं.

“मास्तर. वाचतो बी त्योच, लिवतो बी त्योच. मताची चिठ्ठी बी त्यानंच बराबर पत्ता घालून धाडली. आत रजिष्टरातलं नाव, पाकिटावर पलटणीतलं.”

मी दुसऱ्या दिवशी चावडीत सभा बोलवायला सांगितली. सुभेदारांना निरोप धाडला, की येताना वही आणा, पोरांच्या नंबरांवरून माझा गोंधळ झालाय. ते खुशीनं येणार याची मला खात्री होती. आपलं कौतुक होणार म्हटल्यावर हा माणूस सरणावरूनही उठून आला असता.

६

चावडीत सगळे जमले. पुढं आप्पासो, सुभेदार आणि मास्तर, मागं दाराशी वाडीच्या बाया.

“चिठ्ठ्या खोट्या आहेत हे आधी समजून घ्या,” मी म्हणालो. “मलाया, इजिप्त आणि जावा इथल्या साहेबांकडं एकच शिक्का नसतो. डेपो कुणाची मतं गोळा करत नाही. तेव्हा कुणी केल्या एवढंच उरलं. अठरा चिठ्ठ्यांवर न विचारता नंबर घातलेत आणि ते बरोबर आहेत. ज्ञानूच्या चिठ्ठीवर नंबर नाही. आप्पासोंनी चिठ्ठ्या केल्या असत्या तर एकीवरही नंबर आला नसता. त्यांना नावं येत नाहीत, नंबर कुठले येणार?”

आप्पासो या अपमानावर समाधानानं हसले. सुटलो एवढंच त्यांना कळलं.

“मास्तरनं केल्या असत्या तर त्याला एकोणीस नंबर ठाऊक आहेत. ज्ञानूचा तर सगळ्यांत जास्त, त्या घरची पत्रं तोच लिहितो. म्हणजे मला असा माणूस हवा, की ज्याला नंबराशिवाय शिपायाचं नाव लिहवत नाही, ज्याच्याकडं अठरा नंबर आहेत, आणि ज्ञानूचाच तेवढा नाही. सुभेदार, वहीत ज्ञानू दाखवा.”

सुभेदारांनी पान उघडलं. बोट वरून खाली गेलं आणि पुन्हा वर आलं.

“ज्ञानू माजा न्हवं. त्यो दुसऱ्या कुनी भरती केला आसंल.”

“वहीत एकोणीस माणसं आहेत. सोसायटीचे शिपाईही एकोणीस. ज्ञानू तुमचा नाही, मग एक माणूस तुमच्याकडं जास्त झाला. हा अर्जुना कोण?”

“हाय की. वाडीचाच. छाती चौतीस.”

दाराशी बाया खुसूखुसू हसू लागल्या. राहीबाई हसली नाही. ती पुढं आली.

“माजा अर्जुना आठ वरसांचा आसताना तापानं गेला, सुभेदार. ज्ञानू धाकला. तुमी वाडीत आलासा तवा त्यो सोळाचा हुता. तुमी म्हनलासा, अठराचा दाखला आन. म्या थोरल्याचा शाळंतला दाखला दिला. साऱ्या वाडीला ठावं हाय. तुमाला छाती तेवढी ठावं.”

मी सांगितलं, “पलटणीत ज्ञानू नावाचा माणूसच नाही. मग ज्ञानूनं माझ्यासमोर अंगठा केला अशी सही कुठला साहेब करील? सोसायटीच्या यादीत ज्ञानू दिसला, वहीत सापडला नाही, तेव्हा सुभेदारांनी नंबर सोडून दिला. आपण भरती केलेला पोरगा तोच, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.”

सुभेदारांच्या मिशा खाली आल्या. आधी त्यांनी आवाज चढवला, मग आवाज गेला, आणि मग जे खरं होतं ते एकदाचं बाहेर पडलं.

“मग काय करू?” ते म्हणाले. “माजा बारा एकर ऊस हाय. वाडीला पानी आलं तर त्यात वाकायला कोन यील? ही समदी आपापल्या रानात ऱ्हातील. कोऱ्या चिठ्ठ्या पुन्यात छापून घेतल्या. शिक्का माज्या कंपनीचा जुना हाय. अंगठं माज्या घरच्या गड्यांचं. आन मी काय त्यांचं वाईट केलं? पलटनीत खायाला मिळतं!”

भर सभेत वाडीसाठी रडलेले ते डोळे आता कोरडे ठणठणीत होते. इतका स्वस्त माणूस मी पलटणीतही पाहिला नव्हता, आणि पलटणीत मी पुष्कळ पाहिले होते.

७

सहकार खात्याच्या साहेबानं निकाल रद्द केला आणि खऱ्या चिठ्ठ्यांसाठी जूनपर्यंत मुदत वाढवली. आता एकच काम घाईचं होतं. सुभेदारांचा खोटा निकाल पोरांच्या हातात पडायच्या बेतात होता. तो रद्द झाल्याचं, आणि कुणी सही करायची घाई करू नये हे, एप्रिल संपायच्या आत एकोणीस जणांना कळवायला हवं होतं.

ते काम मी हातात घेतलं. असल्या कामाला मीच लायक, असं माझं मत होतं. सोसायटीच्या कागदावर मी मजकूर लिहिला आणि मास्तरला पाकिटं करायला बसवलं.

“पाकिटावर नाव रजिस्टरप्रमाणं घाल,” मी म्हणालो. “सरकारी कागद आहे. एक अक्षर इकडंतिकडं झालं तर उद्या सुभेदाराचा वकील त्यावरच बोट ठेवील.”

“चांदसाब, त्ये ज्ञानूच्या पाकिटाला...”

“मास्तर, मी बावीस वर्षं पत्रव्यवहार केलाय. तू लिही.”

मास्तरनं लिहिलं. राहीबाई दाराशी उभी होती. “मी बी एक चिट्टी धाडू का मास्तरकडनं?” तिनं विचारलं.

“काही गरज नाही,” मी म्हणालो. “खाजगी पत्र महिने घेतं. सरकारी पाकीट सरळ साहेबाच्या टेबलावर जातं.”

एप्रिल-मेमध्ये खऱ्या चिठ्ठ्या एकेक करून येऊ लागल्या, चार-चार छावण्यांचे शिक्के खाऊन काळ्या झालेल्या. तिघांच्या चिठ्ठ्यांवर साहेबाची सही नव्हती, त्या बाद. दोघांच्या मुदतीनंतर आल्या. चार आल्याच नाहीत. दहा बरोबर होत्या, दहाही ‘होय’. चौदा आणि दहा चोवीस, विरुद्ध सतरा. ठराव पास झाला. हरलेल्या आप्पासोंनी लगेच बाजू बदलून वाडीला पेढे पाठवले, आणि पुन्हा एकदा कुणाचंही नाव त्यांना आठवलं नाही.

सही नसलेल्या तीन चिठ्ठ्यांत ज्ञानूची होती. ‘होय’ समोर अंगठा होता, आणि खाली साहेबानं लाल शाईत शेरा मारला होता, की चिठ्ठीवरचं नाव या माणसाचं नाही.

तो शेरा वाचताना मला माझं पाकीट आठवलं. मी मास्तरकडं पाहिलं. तो टपालावर शिक्के मारत राहिला. त्याला मार्चमध्येच बोलायचं होतं.

जूनमध्ये माझं पाकीट जावाहून परत आलं. न फोडलेलं. वर शिक्का होता आणि हिंदुस्थानीत एक ओळ: या नावाचा माणूस कंपनीत नाही. त्याच टपालानं राहीबाईला पत्र आलं. ‘सुभेदारांचं पत्र मिळालं. पानी येत न्हाई म्हनून कळलं. तुज्या चिट्टीची लय वाट बघितली. एकोणतीस तारखेला सात वरसांची सही केली.’

सुभेदारांचं पत्र बारा दिवसांत पोचलं होतं. ते त्यांनी वहीवरून ‘अर्जुना’च्या नावानं पाठवलं होतं. ज्याला तो पोरगा कोण हेही ठाऊक नव्हतं त्याचा पत्ता बरोबर होता. मला सगळं ठाऊक होतं, त्याच नावावर मी भरचावडीत एकाला उघडा पाडला होता, आणि चारच दिवसांत तेच नाव मी पाकिटावर घालू दिलं नाही. आयुष्यभर मी मूर्खांची यादी करत आलो. त्या यादीत आता माझं नाव सगळ्यांत वर आहे.

संक्रांतीच्या सुमाराला वाडीत पाणी आलं. पंधरवड्यानं राहीबाई पुन्हा लिंबाखाली माझ्यासमोर येऊन बसली. मास्तर गावात असताना ती एवढी चालत का आली, ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

“लिवा,” ती म्हणाली. “रानात पानी आलं. गहू पेरलाय, उशीर झाला, पर उगवलाय. एकलीनं दारं धरते, वाफ्यावाफ्याला पानी सोडते. सात वरसं काय, जातील.”

मी लिहिलं. पत्र घडी घालून पाकिटात भरलं.

“आता पाकिटावर नाव नीट घाला, चांदभाई.”

मी आधी नंबर लिहिला आणि मग अर्जुना.